डॉक्टर शिकायला येतात ते जामखेड

नगरहून जामखेडला जाताना एसटी मध्येच जिल्हा ओलांडते. चिचोंडी पाटील मागे पडलं की बीड जिल्ह्यातलं कडा लागतं, मग आष्टी, आणि आष्टी सोडल्यावर पुन्हा नगर जिल्हा, आता नावाने अहिल्यानगर. बालाघाटाच्या डोंगरांना चिकटलेला, ज्वारी-बाजरीवर जगणारा हा तालुका. पाऊस इथे नेहमीच हात राखून पडतो. खर्ड्याची १७९५ सालची लढाई याच तालुक्यातली आणि अहिल्याबाई होळकरांचं चौंडीही इथलंच. पण अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या तोंडी जामखेडचं नाव येतं ते वेगळ्याच कारणाने. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथे सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प बघायला, आणि जमलं तर काही आठवडे राहून शिकायला, ही मुलं येतात.

मिशन हॉस्पिटल म्हटलं की मराठी माणसाला मिरजेचं वॉन्लेस आठवतं, नगरकरांना बूथ. दगडी इमारती, शिस्तीच्या सिस्टर आणि लांबलांबच्या गावांहून बैलगाडीतून आणलेले पेशंट असं ते चित्र. जामखेडचं रोपटं त्याच मातीतलं, पण वाढलं वेगळ्या दिशेने. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याला जायला हवं.

रजनीकांत नगर जिल्ह्यातल्या सुप्याचे, शिक्षकाच्या घरातले. मेबल जबलपूरच्या, त्यांचे वडील तिथल्या धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात प्राध्यापक होते. दोघांची गाठ पडली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. आयडा स्कडर या अमेरिकन मिशनरी डॉक्टरबाईंनी १९०० साली एका खाटेवर सुरू केलेल्या दवाखान्यातून हे कॉलेज वाढलं. तिथला एक रिवाज महत्त्वाचा आहे. चर्चने किंवा मिशनने पुरस्कृत केलेल्या विद्यार्थ्याने शिक्षण संपल्यावर ठरावीक काळ आडगावातल्या मिशन हॉस्पिटलात काम करायचं. कित्येकांसाठी तो उरकून टाकायचा बाँड असतो. आरोळे दांपत्याने मात्र १९६० साली लग्न करतानाच ठरवून टाकलं होतं की जन्म खेड्यातच काढायचा.

१९६२ मध्ये ते वडाळा मिशनच्या दवाखान्यात रुजू झाले. पुढची चार वर्षं रात्रंदिवस काम. अडलेल्या बाळंतिणी, धनुर्वात, गोवर, हगवणीने सुकलेली पोरं. दवाखान्याचं नाव झालं, गर्दी वाढली. आणि तिथेच त्यांना खटकायला लागलं. आज बरं करून घरी पाठवलेलं पोर चार-सहा आठवड्यांनी त्याच हगवणीने पुन्हा खाटेवर. घरी पाणी तेच, खाणं तेच, गरिबीही तीच. डॉक्टर कितीही राबला तरी आजार गावात तयार होत होता आणि दवाखाना गावाबाहेर त्याची वाट बघत बसला होता. पुढे ते अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. त्या पदवीचं महत्त्व आहेच. पण माझ्या मते त्यांचं खरं विद्यापीठ वडाळाच. प्रश्न तिथे पडला होता, हॉपकिन्सला त्याची मांडणी मिळाली.

परत आल्यावर त्यांनी मुद्दाम दुष्काळी आणि गरीब भाग शोधला. अटही घातली की गावकऱ्यांनी स्वतः बोलवायला हवं. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलवलं आणि जागा दिली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याची! तेव्हा या भागात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती.

सुरुवातीला त्यांनीही सगळे करतात तेच केलं, शिकलेल्या नर्सबाई गावोगाव नेमल्या. ते काही जमलं नाही. परक्या गावात एकटी राहणारी तरुण नर्स, तिचं कोण ऐकणार? मग गावातल्याच एखाद्या बाईला शिकवा, अशी सूचना गावकऱ्यांतूनच आली. गावाने बाई निवडायची, तिने दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायचं आणि गावात जाऊन ते करायचं. निवडल्या गेलेल्या बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. पहिली अडचण औषधांची नव्हतीच, एकत्र बसण्याची होती. सवर्ण बाई दलित बाईशेजारी जेवायला तयार नसे. आरोळ्यांनी त्यावर भाषण दिलं नाही. मुक्कामाला सगळ्यांत मिळून मोठी पांघरुणं दिली. थंडी वाजली तर एकमेकींना चिकटून झोपावंच लागे. १९७२च्या दुष्काळातही तोच गनिमी कावा. पाणी शोधणाऱ्याला सांगून ठेवलं की विंधन विहिरीची जागा दलित वस्तीतच शोधायची. पाणी लागलं आणि सारं गाव हंडे घेऊन त्या वस्तीत यायला लागलं.

इथे येणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्याला खरा हिसका या बायकांकडून बसतो. पाच वर्षं जाडजूड पुस्तकं वाचून आलेलं पोर आणि समोर नऊवारीतली, अक्षरओळख बेताचीच असलेली आजी. जुलाब झालेल्या बाळाला काय द्याल? पोराच्या तोंडी सलाईन आणि अँटिबायोटिकची नावं. आजी चूल पेटवून लिटरभर पाणी उकळते, गार करते, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालते आणि आधी स्वतः चाखते. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर फेकून द्यायचं, नव्याने करायचं. न्यूमोनियाचंही तसंच. स्टेथोस्कोप हवाच असं नाही. बाळ शांत असताना पोटावरचं झबलं वर करायचं आणि मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांच्या पोराचे ४० किंवा जास्त भरले, तर थांबायचं नाही. कुपोषण बघायला दंडाची पट्टी. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड आला की पोर धोक्यात. हे सगळं कॉलेजच्या पुस्तकातही असतं, एखाद्या चौकटीत, परीक्षेला पाच मार्कांसाठी. इथे ते पोराच्या आईशी बोलत बोलत करायला लागतं, आणि बोलायचं कसं हेच नेमकं कॉलेजात शिकवलेलं नसतं.

आवारात हॉस्पिटल आहेच. शस्त्रक्रिया होतात, अडलेली बाळंतपणं होतात. जयपूर फूट बनवायचं वर्कशॉप आहे. कुष्ठरोग्यांना वेगळ्या वसाहतीत न ठेवता इतर रुग्णांबरोबरच उपचार द्यायचे, हा इथला जुना नेम. १९९२ मध्ये प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांची सोय झाली. पण खाटा मोजून या जागेचं मोजमाप करू गेलात तर फसाल. बालमृत्यूचं ते १७६चं प्रमाण शतक संपेपर्यंत तिसाच्या आत आलं, आणि त्यातलं बरंचसं काम हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर झालं.

अडाणी बायकांच्या हाती औषधं देता म्हणून डॉक्टरमंडळींनी तेव्हा नाकं मुरडली होती. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र १९७५ सालीच जगभरातल्या निवडक प्रयोगांच्या पुस्तकात जामखेडला स्थान दिलं, म्हणजे प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या अल्मा-आताच्या प्रसिद्ध परिषदेच्याही तीन वर्षं आधी. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये रजनीकांत यांना पद्मभूषण. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. २००५ नंतर देशभर आशा कार्यकर्त्या आल्या, त्यांच्यात जामखेडची छाया स्पष्ट दिसते. फरकही दिसतो. आशाताईच्या हातात रजिस्टरं जास्त आणि तिला दर आठवड्याला बसून शिकवणारं, तिच्या शंका ऐकणारं माणूस कमी.

मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी काम पुढे चालवलं. काळाबरोबर आजारही बदलले. हगवणीची जागा आता रक्तदाब आणि मधुमेह घेताहेत, गावागावांत खासगी दवाखाने आले आहेत, आणि ताप आलेला माणूस आधी सुई मागतो.

जायचं तर पावसाळ्यानंतर जावं असं कुणीही सांगेल. डोंगर हिरवे असतात, सौताड्याचा धबधबा जवळच आहे, खर्ड्याचा किल्लाही पाहून होतो. शिकायला येणाऱ्याने मात्र दिवाळीनंतर यावं. तेव्हा या पट्ट्यातली निम्मीअर्धी घरं कुलूपबंद असतात. ऊसतोडीच्या टोळ्या कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे निघालेल्या असतात आणि लहान पोरंही सोबत जातात. लसीकरणाचं कार्ड इथे घरात, पोर तिकडे उसाच्या फडात. गावची आरोग्य सेविका अशा वेळी कोणत्या घरातली गरोदर बाई कोणत्या कारखान्यावर गेली, कितव्या महिन्यात गेली आणि तिच्याबरोबर कोण आहे, हे तोंडपाठ सांगते. विद्यार्थ्याने वही काढून ते लिहून घ्यावं.