साठ भोपळ्यांनंतरही

९९.९४ हा आकडा इतक्या वेळा कानावर पडलाय की आता त्याचा धक्काच बसत नाही. म्हणून जरा उलटा हिशेब करून पाहू.

१९४८ साली ओव्हलवर डॉन ब्रॅडमन कसोटीतला अखेरचा डाव खेळले आणि एरिक हॉलीजच्या चेंडूवर शून्यावर त्रिफळाचीत झाले. एकूण कसोटी धावा ६९९६, बाद ७० वेळा, म्हणजेच सरासरी ९९.९४. समजा, त्यानंतरही ते खेळत राहिले असते आणि ओळीने ६० डावांत त्यांना भोपळाही फोडता आला नसता. तरी सरासरी ५३.८१ उरली असती. सचिनची आहे ५३.७८. मी सचिनचा भक्त आहे, पण हा भागाकार पुन्हा पुन्हा करूनही तेच उत्तर येतं.

आता दुसरी बाजू. सचिन ३२९ डावांत २९६ वेळा बाद झाला आणि त्याने १५,९२१ धावा केल्या. ब्रॅडमनच्या सरासरीने त्या २९,५८२ झाल्या असत्या. यातला फरक १३,६६१ धावांचा. राहुल द्रविडच्या साऱ्या कसोटी कारकिर्दीच्या धावा १३,२८८!

तेव्हाची गोलंदाजी सोपी होती, असं कुणी म्हणेल. मग त्याच काळातल्या वॉली हॅमंडची सरासरी ५८.४५ वरच का थांबली? १९३२-३३ मध्ये तर खास ब्रॅडमनना रोखण्यासाठी इंग्लंडचा कर्णधार जार्डिनने बॉडीलाइन आखली. वेगवान गोलंदाज लारवूडचे चेंडू अंगावर आणि लेगला क्षेत्ररक्षकांचं कडं. त्या मालिकेत ब्रॅडमनची सरासरी ५६.५७ झाली, आणि ते त्यांचं अपयश मानलं गेलं.

ऑस्ट्रेलियातल्या बाउरलच्या घरामागे लहानगा ब्रॅडमन पाण्याच्या टाकीखालच्या विटांच्या ओट्यावर गोल्फचा चेंडू मारायचा आणि कसाही उसळून परत आला तरी बॅटऐवजी हातात धरलेल्या स्टंपने टोलवायचा. २१ व्या वर्षी, ११ जुलै १९३० रोजी, लीड्सला त्याने एका दिवसात ३०९ धावा केल्या. उपाहारापर्यंत १०५, चहापर्यंत २२०. दुसऱ्या दिवशी ३३४ वर बाद झाला तेव्हा ४६ चौकार होते, षटकार एकही नाही. साऱ्या कसोटी कारकिर्दीत षटकार फक्त सहा.

मला सर्वांत थक्क करतात ती युद्धामुळे वाया गेलेली वर्षं. १९३८ ते १९४६, वयाच्या तिशीपासून अडतिशीपर्यंत, एकही कसोटी नाही. परतल्यावर १५ कसोटींत १९०३ धावा, सरासरी १०५.७२. यातच भारताविरुद्धची मालिका येते: सहा डावांत ७१५. सिडनीला सांगलीच्या विजय हजारेंनी त्यांचा १३ वर त्रिफळा उडवला, त्या बळीचं मोल यावरून कळतं.

तुमच्या लाडक्या फलंदाजाची सरासरी घ्या, ६९९६ ला तिने भागा, उत्तरातून ७० वजा करा. ब्रॅडमन किती भोपळ्यांनंतर त्याच्या पातळीवर येतील ते कळेल. गावसकरांसाठी हे उत्तर ६६ च्या पुढे जातं.