आधी गाळा, मग निघा

थंडी पडली की निघोज्याला आमच्याकडे पाहुण्यांचे फोन सुरू होतात, ‘पुणं एकदा दाखव.’ काही वर्षांपूर्वी लातूरहून आपा, माझी थोरली बहीण, पहिल्यांदाच आली. एका दिवसात मी तिला नऊ ठिकाणं फिरवली. रात्री विचारलं, “काय आवडलं?” ती म्हणाली, “गाडीची खिडकी.” तेव्हापासून काय गाळायचं, ते मी आधी ठरवतो.

पहिला दिवस पुण्याचा. कारखान्यांची पाळी सुटायची वेळ टाळून निघावं आणि नाशिक फाट्याला मेट्रो धरावी. कसबा पेठेत उतरलं की १७३२ सालचा शनिवारवाडा पायी गाठता येतो. १८२८च्या आगीत आतले महाल गेले. तट आणि दिल्ली दरवाजा उभे आहेत. तिथून बाजीराव रस्त्यानं केळकर संग्रहालय. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहीत. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी या संग्रहाला दिलं. दिवे, अडकित्ते, मस्तानीचा महाल पाहताना घड्याळ पाहू नये.

दुसरा दिवस घराजवळचा. सकाळी स्वेटर घालून आळंदी गाठावी. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये इथे समाधी घेतली. गर्दी सोसत नसेल, तर कार्तिकी यात्रेचे दिवस टाळावेत. दुपारी चाकणचा संग्रामदुर्ग पाहावा. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाची फौज इथे जवळजवळ दोन महिने रोखली होती.

या डिसेंबरात आपा पुन्हा येतेय, सोबत नात. आपाचे गुडघे आता दुखतात. यादीत मी चारच नावं लिहिलीत. वाटलं तर त्यातलंही एक खोडीन.