निंदणाचा खर्च आणि बंदीचं बियाणं

10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने परवानगी नसलेलं एचटीबीटी कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं. 2002 मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचं जनुक असतं. त्यातून तयार होणारं प्रथिन बोंडअळीला मारतं. (गुलाबी अळी मात्र आता त्याला फारशी जुमानत नाही.) एचटीबीटी त्याशिवाय ग्लायफोसेट हे तणनाशकही सोसतं. फवारलं की तण जळतं, कापूस टिकतो, निंदणाची मजुरी वाचते. विरोधकांना तणनाशकाच्या वाढत्या वापराची आणि त्याला न दबणाऱ्या तणांची भीती वाटते. ती खोटी नाही. त्यातच बंदीच्या बियाण्याच्या चोरट्या पाकिटाला ना हमी, ना पक्की पावती. पीक फसलं तर दाद कुणाकडे मागणार? घेण्याआधी एवढा विचार कराच.