न पकडता ओळख : वन्यजीव अभ्यासाची अहिंसक वाट

एव्हरशाईन सिटीतील आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर उभे राहिले की पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर दिसतात. २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे जंगल पाहताना विद्यार्थ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो, तो तेथे कोणते प्राणी राहत असतील हा. दुसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : ते प्राणी जाणून घेण्यासाठी आपण त्यांना किती त्रास द्यावा?

लहान सस्तन प्राण्यांचा अभ्यास म्हणजे पिंजरा, असे समीकरण दीर्घकाळ रूढ होते. परंतु रात्रभर पिंजऱ्यात अडकलेला इवलासा जीव भुकेने आणि गारठ्याने दगावू शकतो. ती मादी असेल, तर तिची पिल्ले घरट्यात एकटी पडतात. शिवाय भेदरलेला प्राणी नेहमीसारखा वागत नाही. म्हणजे क्रूरतेबरोबर चुकीची माहितीही पदरी पडते.

यावर उत्तम उपाय शोधला गेला तो डॉर्माउस या प्राण्याच्या अभ्यासात. युरोपातील हा अंगठ्याएवढा निशाचर प्राणी झाडाझुडपांत राहतो आणि हिवाळाभर दीर्घ निद्रा घेतो. ती निद्रा मोडली तर अंगातील साठवलेली चरबी व्यर्थ खर्ची पडते. म्हणून अभ्यासकांनी त्याच्याऐवजी त्याच्या खुणा शोधायला आरंभ केला. हेझलनटच्या कवचाला तो गोल, गुळगुळीत कडेचे भोक पाडतो. उंदीर किंवा खार यांची कुरतडण्याची रीत वेगळी असते. १९९३ साली इंग्लंडमध्ये सामान्य नागरिकांनी अशी कवचे गोळा करून या प्राण्याचा ठावठिकाणा शोधण्यास हातभार लावला. कोळशाची पूड आणि तेल यांचे मिश्रण लावलेल्या नळीतून प्राणी गेला, की आतील कागदावर त्याची पावले उमटतात. फांद्यांवर बांधलेल्या लाकडी पेट्यांमध्ये तो स्वेच्छेने घरटे करतो. त्या उघडून पाहण्यास मात्र प्रशिक्षण आणि परवाना लागतो.

आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागात काटेरी डॉर्माउस आढळतो. नाव तेच असले तरी त्याचे कूळ निराळे आहे. महाराष्ट्रात वृक्षवासी प्राण्यांचा विचार करताना प्रथम आठवतो तो आपला राज्यप्राणी शेकरू. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली स्थापन झाले, ते प्रामुख्याने त्याच्यासाठीच. शेकरू काटक्या आणि पाने रचून उंच झाडांच्या शेंड्याजवळ गोलाकार घरटी बांधतो. गणना करणारे जमिनीवरूनच ही घरटी मोजतात. ताज्या पानांचे घरटे वापरातले, सुकून विस्कटलेले जुने, अशी नोंद होते. एकच शेकरू अनेक घरटी बांधतो. त्यामुळे घरट्यांची संख्या म्हणजे शेकरूंची संख्या नव्हे. प्रत्यक्ष दर्शनाच्या नोंदींशी ताळा घालूनच अंदाज करावा लागतो. हा मार्ग संथ खरा, परंतु त्यात एकाही जिवाला हात लावावा लागत नाही.

येथे वर्षावासाचे स्मरण होते. पावसाळ्यात हिंडताना भिक्खूंच्या पायांखाली कोवळे गवत आणि सूक्ष्म जीव चिरडले जातात, अशी तक्रार लोकांनी केली. तेव्हा तथागतांनी त्या काळात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. पाऊल टाकण्याआधी पायाखाली कोण आहे, हे पाहण्याची ही शिकवण आहे. संशोधकालाही ती तितकीच लागू पडते.

आपले विद्यार्थी याची सुरुवात शाळेच्या आवारातच करू शकतील. सायंकाळी एका पसरट ताटात चाळलेली बारीक माती सपाट करून कुंपणाजवळ ठेवावी आणि सकाळी खारीची, मुंगुसाची वा मांजराची पावले ओळखून वहीत काढावीत. कुरतडलेली फळे, विष्ठा, झाडावरची घरटी यांची तारखेसह नोंद ठेवावी. खाद्याचे आमिष दाखवू नये, घरट्याला हात लावू नये, पिल्लांची छायाचित्रे काढण्यासाठी जवळ जाऊ नये. वन्यप्राणी पकडण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी आवश्यक आहे, हेही पालकांनी मुलांना अवश्य सांगावे.

माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी अशा नोंदी ठेवून शाळेकडे पाठवल्या, तर काही वर्षांत एक मोलाची वही तयार होईल. कोणते झाड तोडू नये, कोणता ओढा बुजवू नये, हे सांगताना त्या वहीचा आधार देता येईल. आणि ती लिहिताना एकाही जिवाची झोपमोड झालेली नसेल.