निळ्या पेटीतला डॉक्टर

गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याहून वडोद्याला आला होता. वय वर्षे नऊ. दुपारची जेवणे आटोपून मी एक जुनी इंग्रजी मालिका लावून बसलो होतो. तो शेजारी येऊन बसला, दोन मिनिटे पडद्याकडे टक लावून पाहिले आणि खदखदून हसू लागला. "आजोबा, त्या माणसाच्या हाताला काय गुंडाळलंय बघा! बबल-रॅप! बबल-रॅपला रंग मारलाय हिरवा!"

त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. काचसामान ज्यात गुंडाळून येते आणि ज्याचे फुगे फोडण्यावरून घरातली मुले भांडतात, तेच ते प्लास्टिक. कथेत मात्र ते एका परक्या कीटकाचे मांस होते, आणि तो कीटक एका भल्या माणसाला हातापासून सुरुवात करून आतून बाहेरून गिळीत चालला होता. मी नातवाला काही बोललो नाही. तिसरा भाग सुरू झाला तेव्हा त्याचे जमिनीवरचे पाय उचलून सोफ्यावर आले होते, एवढे मात्र मी मनात टिपून ठेवले.

मालिकेचे नाव 'डॉक्टर हू'. आम्ही पाहत होतो ती कथा 'द आर्क इन स्पेस', १९७५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत बीबीसीने चार शनिवारी दाखवलेली. ती मी तेव्हाही पाहिली होती. त्या वर्षी कापड-यंत्रांच्या एका कारखान्यात उमेदवारी करण्यासाठी मी मँचेस्टरजवळच्या एका गावी राहत होतो. घरमालकीण साठीची, विधवा. शनिवारी संध्याकाळी फुटबॉलचे निकाल वाचून झाले की तिचा सात वर्षांचा नातू येऊन संचासमोर बसे. मी शाकाहारी, म्हणून माझ्यापुढे पावाच्या भाजलेल्या तुकड्यावर डबाबंद घेवडा येई. वर्षभर दर शनिवारी तोच घेवडा. पण त्या अर्ध्या तासासाठी मी तोही गोड मानून घेत असे.

तिचा संच काळापांढरा होता. त्यामुळे ते प्लास्टिक हिरवे असल्याचे मला पुढे कितीतरी वर्षांनी, लेकीने पाठवलेल्या तबकड्या पाहताना कळले. आणि बबल-रॅप ही चीजच तेव्हा आमच्यासारख्यांच्या फारशी ओळखीची नव्हती. मुलाला ते मांसच वाटले. त्याने सोफ्याची पाठ गाठली आणि उरलेला भाग तिथूनच, एक डोळा बाहेर काढून पाहिला. इंग्लंडात या मालिकेचे नाव निघाले की माणसे हटकून 'सोफ्यामागे लपण्या'ची आठवण सांगतात. ती अतिशयोक्ती असेल असे पुष्कळांना वाटते. मी एक तरी मूल लपलेले पाहिले आहे.

तेव्हा प्रश्न असा, की पन्नास वर्षांपूर्वीचे हे रंगवलेले प्लास्टिक एका मुलाला सोफ्यामागे पाठवते आणि दुसऱ्या, पडद्यावर रोज याच्या हजारपट खरे राक्षस पाहणाऱ्या मुलाचे पाय वर घ्यायला लावते, ते कशाच्या बळावर?

या मालिकेचा जन्मच मुळी ओढगस्तीतला. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ ला, शनिवारी दाखवला गेला. आदल्याच दिवशी अमेरिकेत अध्यक्ष केनेडींची हत्या झालेली. कोणाचे लक्ष असणार? पुढच्या शनिवारी तो भाग पुन्हा दाखवावा लागला. निर्माती व्हेरिटी लँबर्ट सत्तावीस वर्षांची. आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक? आपल्या लखनौला जन्मलेले वारिस हुसेन, वय चोवीस. लेखिका अतिया हुसेन यांचे हे चिरंजीव. त्या काळच्या बीबीसीत एक तरुण बाई आणि एक हिंदी तरुण यांच्या हाती मुलांसाठी म्हणून एक काम सोपवले जाते, तेही लाइम ग्रोव्हमधल्या एका जुन्या, अडचणीच्या, दिव्यांनी भट्टीसारख्या तापणाऱ्या स्टुडिओत, यावरून वरिष्ठांच्या लेखी त्या कामाचे मोल काय असेल याचा अंदाज यावा. चित्रफीत कापून जोडणे खर्चाचे होते, म्हणून प्रयोग जवळजवळ नाटकासारखा सलग चाले. वयस्क नट विल्यम हार्टनेल वाक्य विसरत, शब्दांची उलटापालट करत, आणि समोरचे नट ते सावरून घेत. ते सारे तसेच दिसते. आपल्या रंगभूमीवर ज्यांनी प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकला आहे, त्यांना त्यात परके काही वाटणार नाही.

पण गंमत अशी, की या मालिकेतल्या सर्वांत नामी कल्पना याच अडचणींतून निघाल्या. डॉक्टर हा दुसऱ्या ग्रहावरचा प्रवासी. काळातून आणि अवकाशातून हिंडणारे त्याचे यान खरे तर जिथे उतरेल तिथल्या वस्तूचे रूप घेणारे. दर कथेला नवे रूप बांधायचे म्हणजे पैसे लागणार! म्हणून ते यंत्र बिघडले असे ठरवले, आणि पोलिसांना फोन करण्यासाठी इंग्लंडातल्या रस्त्यांवर ज्या निळ्या पेट्या असत तिचे रूप यानाला कायमचे चिकटले. बाहेरून चार माणसे दाटीने मावतील एवढी पेटी, आत पाहावे तर प्रशस्त दालन. यान निघतानाचा तो घरघरता, धापा टाकणारा आवाज ब्रायन हॉजसन यांनी काढला, तो एका जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर घराची किल्ली घासून. सुरुवातीचे संगीत रॉन ग्रेनर यांचे, परंतु ते ऐकू येते तसे घडवले डेलिया डर्बिशायर या बाईंनी, ध्वनिफितीचे तुकडे हाताने कापून, एकेक सूर जोडून. १९६६ साली हार्टनेल यांची प्रकृती ढासळली. दुसरी मालिका असती तर बंद पडती. इथे लेखकांनी ठरवले, की डॉक्टरच्या जातीची माणसे मरायला टेकली की देह बदलतात. हार्टनेल जमिनीवर कोसळले आणि उठले ते पॅट्रिक ट्राऊटन होऊन. एका म्हाताऱ्या नटाच्या आजारपणाने मालिकेला जवळजवळ अमरपट्टा मिळवून दिला.

डालेक नावाचे तिचे प्रसिद्ध खलनायक घ्या. उलट्या मिरपुडीच्या डबीसारखे धड, आत एक माणूस बसून पायांनी ते ढकलतो, आणि पुढे हात म्हणून चक्क मोरी तुंबल्यावर वापरायचा रबरी दट्ट्या. डालेकांना जिना चढता येत नसे, ही गोष्ट इंग्लंडातल्या पोरांनी पक्की हेरून ठेवली होती. डालेक आला की माडीवर पळायचे! १९८८ साली एक डालेक जिन्यावरून तरंगत वर गेला तेव्हा त्या पोरांचा, ती एव्हाना बापे झालेली असूनही, केवढा विश्वासघात झाला असेल.

सगळेच काही मनोहर होते असे मी म्हणणार नाही. कोणताही ग्रह घ्या, तो हटकून इंग्लंडातल्या खडीच्या खाणीसारखा दिसतो. पुष्कळ कथांचा निम्मा वेळ एकाच बोळातून इकडून तिकडे धावण्यात जातो. १९८४ सालच्या एका कथेत समुद्रातला एक भयंकर प्राणी येतो. त्याच्या पोटात दोन माणसे आहेत हे आंधळ्यालाही कळावे, आणि त्याचा रंगही चित्रणाच्या वेळी ओलाच होता. नातवाला मी तो मुद्दाम दाखवला. तो हसून हसून पालथा पडला. मीही हसलो.

अशा भडक, बटबटीत गोष्टींची चेष्टेने आवड धरणारा एक वर्ग असतो. 'किती वाईट आहे, म्हणून किती छान' असे तो म्हणतो. या मालिकेच्या वाट्यालाही असे रसिक भरपूर आले आहेत. मला त्यांचे म्हणणे पटत नाही. समुद्रातल्या त्या प्राण्याला पाहून माणूस एकदा हसतो आणि उठतो. 'द आर्क इन स्पेस'पाशी तो पुन्हा येऊन बसतो. प्लास्टिक दोन्हीकडे प्लास्टिकच. फरक नटांत आहे. ज्याचा हात किड्याचा होतो त्या नोआची भूमिका केंटन मूर यांनी केली आहे. तो हात ते खिशात लपवून ठेवतात. आपल्याच माणसांशी बोलता बोलता त्यांची नजर खिशाकडे जाते. मग तो बाहेर येतो, आणि ते त्याच्याकडे असे पाहतात की प्रेक्षकाची दृष्टी प्लास्टिकवर न राहता त्या चेहऱ्यावर जाते. प्रेक्षकाकडे पाहून एकदाही कोणी डोळा मिचकावत नाही. टॉम बेकर हे डॉक्टर तेव्हा नवे होते, भलामोठा गळपट्टा घालून विनोद करणारे. पण संकट आले की त्यांचा विनोद थांबतो. आणि शेवटी पुरता कीटक झालेला नोआ, माणूसपणाची उरलीसुरली आठवण धरून, आपल्या साऱ्या थव्याला एका यानात घेऊन जातो आणि त्या यानाचा स्फोट होऊ देतो.

माझे आजोबा गंधर्व कंपनीच्या नाटकांचे वेडे. नारायणराव पन्नाशीकडे झुकलेले, देह सुटलेला, तरी भामिनी म्हणून उभे राहिले की भामिनीच दिसे, असे ते सांगत. "दिसे म्हणजे काय, आम्ही पाहत होतो!" हे त्यांचे वाक्य मला लहानपणी निरर्थक वाटे.

'आर्क' संपल्यानंतर महिन्याच्या आत, मार्च-एप्रिलमध्ये, 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' आली. टेरी नेशन यांची सहा भागांची कथा. डालेक कसे निर्माण झाले ते तीत आहे. त्यांना घडवणाऱ्या लोकांचे काळे गणवेश, टाचा जुळवणे, वंशशुद्धीची भाषा, यांतून लेखकाला काय सुचवायचे आहे हे त्या घरात कोणाला समजावून सांगावे लागले नाही. १९४० च्या नाताळात मँचेस्टरवर बाँब पडले तेव्हा घरमालकीण त्या शहरात होती. आगोटीवरच्या फळीवर तिच्या भावाचा सैनिकी वेषातला फोटो होता. त्याच्याबद्दल ती बोलत नसे, मी विचारलेही नाही.

शेवटच्या भागात डॉक्टर डालेकांच्या जन्मखोलीच्या दाराशी उभा आहे. आत त्यांचे गर्भ. दोन्ही हातांत दोन तारा. टेकवल्या की स्फोट, आणि ही जात विश्वातून कायमची नाहीशी. तो टेकवत नाही. सोबतच्या मुलीलाच विचारतो, मला हा अधिकार आहे काय?

"जोड की तारा!" घरमालकीण संचाकडे पाहून म्हणाली. विणकाम तिच्या मांडीवर पडलेले. मुलगा सोफ्यामागून बाहेर आला होता. "तो का जोडत नाही?" त्याने आधी आजीला विचारले, मग मला. आम्ही दोघेही काही बोललो नाही. कथेत तेवढ्यात कोणी धावत येते आणि डॉक्टरची सुटका होते. आमची झाली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

मुलांच्या शनिवारच्या कार्यक्रमात, रबरी दट्ट्या लावलेल्या खलनायकांच्या गोष्टीत हे येते, ही या मालिकेची खरी ताकद. सजावट इतकी गरीब, की तिच्याकडे पाहत बसण्यासारखे काही नाही. मग माणूस प्रश्नाकडे पाहतो.

धन्याला मात्र आपल्या घरात काय आहे हे कळले नव्हते. बीबीसीने सुरुवातीच्या वर्षांच्या चित्रफिती पुसून टाकल्या, फिल्मच्या प्रती मोडीत काढल्या. फीत महाग, कपाटात जागा नाही, आणि जुना कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार असा हिशेब. पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक भाग त्यामुळे गेले. वारिस हुसेन यांची 'मार्को पोलो' ही १९६४ ची सात भागांची कथा सबंध गेली. हार्टनेल यांचा तो अखेरचा भागही गेला. त्यातला देह बदलण्याचा प्रसंग तेवढा उरला, कारण त्याचा तुकडा दुसऱ्या एका कार्यक्रमात दाखवला होता.

आणि तरीही गेलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. तो कोणत्या संग्रहालयाने जपला नाही. तेव्हाच्या काही शाळकरी पोरांनी संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून, घरातल्यांना गप्प बसवून, तो टिपून ठेवला होता. पुढे तो ऐकायला मिळेल म्हणून. चित्र पुन्हा दिसेल अशी आशा तेव्हा कोणालाच नव्हती. 'मार्को पोलो'च्या पडद्यावरून घेतलेल्या छायाचित्रांचा संच वारिस हुसेन यांच्याच संग्रहात निघाला. परदेशी धाडलेल्या प्रतींच्या मागावर लोक देशोदेशी फिरले. २०१३ साली नायजेरियात सापडलेले ट्राऊटन यांचे नऊ भाग जाहीर झाले. मालिका १९८९ साली थांबली आणि २००५ साली पुन्हा सुरू झाली ती याच पोरांमुळे. त्यांतली काही मोठी होऊन लेखक झाली होती.

'मार्को पोलो' मी नुसती ऐकली आहे. डोळे मिटून, रात्री. तिच्यातले वाळवंट फार मोठे आहे.

नातू चार दिवस राहिला. तारांचा प्रसंग त्याने दोनदा पाहिला आणि मला तोच प्रश्न विचारला. या वेळी मी उत्तर देण्याचा प्रयत्न केला. ते त्याला पटले नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी घरात अचानक शांतता पसरली, म्हणून मी खोलीबाहेर डोकावलो. नव्या मिक्सरच्या खोक्यातला बबल-रॅप नाहीसा झाला होता. स्वयंपाकघरातून किंकाळी आली. पाठोपाठ हिरव्या पोस्टर-रंगाने निथळणारा एक हात पुढे धरून, जिवाच्या आकांताने हसत नातू पळत आला, आणि त्याच्यामागून हातात लाटणे घेऊन त्याची आजी.

सोफ्याचा अभ्रा दोनदा धुवून झाला. डाग अजून आहे.