लक्ष्मीपूजनाची जुनी नाणी : शुद्धी हवी, झीज नको

आश्विन वद्य त्रयोदशी आली, की देवघरातील जुनी डबी उघडली जाते. धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य दाखविताना आणि अमावास्येला लाह्या-बत्ताशांच्या राशीशेजारी पिढ्यान्पिढ्या जपलेली नाणी चौरंगावर मांडण्याची प्रथा अनेक घरांत आजही श्रद्धेने पाळली जाते. त्यांत कुठे राणीछाप रुपया असतो, कुठे पंचम जॉर्जचा, तर एखाद्या भाग्यवान घरी तांब्याची शिवराईही असते. लक्ष्मी स्वच्छतेच्या ठायी वास करते, या भावनेने समई-ताम्हणाबरोबर ही नाणीही चिंच, राख किंवा रांगोळी लावून लखलखीत केली जातात. भाव निर्मळ असतो, परंतु नेमका येथेच नाण्याचा घात होतो.

ताम्हणाचा न्याय नाण्याला लावता येत नाही. ताम्हणाचा पत्रा जाड असतो. नाण्यावरील अक्षरे व मुद्रा मात्र केसाएवढ्या उंचीची असतात आणि नाण्याची सारी ओळख त्या उंचवट्यातच सामावलेली असते. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या नावे पाडलेल्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात. ठसा मोठा व तांब्याचा तुकडा लहान, यामुळे बहुतेक शिवराईंवर मुळातच थोडी अक्षरे उमटलेली दिसतात. तीही घासून गेली, तर हाती उरतो तो केवळ तांब्याचा गोल तुकडा.

नाण्यावरचा काळेपणा म्हणजे मळ, ही आपली समजूत अपुरी आहे. इंग्रजी अमदानीतील जुन्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. १९४० पासून हे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. हवेतील गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा काळसर थर धरतो. हा थर बाहेरून आलेली काजळी नव्हे. त्यात नाण्याचीच चांदी असते. तो दरवर्षी घासून काढणे म्हणजे दरवर्षी थोडी चांदी पाण्याबरोबर सोडून देणे होय. तांब्यावरचा तपकिरी किंवा गडद हिरवा, कठीण व गुळगुळीत थर तर आतील धातूचे कवचच असतो.

चिंचेतील टार्टारिक व लिंबातील सायट्रिक आम्ल हे कवच विरघळवते आणि खालचे तांबे उघडे, गुलाबी पडते. सोबत मीठ लावल्यास त्यातील क्लोराइड नाण्याच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसते. राख व दगडाची रांगोळी धातूवर ओरखडे काढते. सोडा व ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा घरगुती उपायही चांदीचा काळेपणा क्षणात घालवितो. पण नाण्याचे वयही पुसून टाकतो, म्हणून संग्राहक त्याला हात लावीत नाहीत.

मग उपाय कोणता? नाण्यावरचा खरा मळ म्हणजे तूप, वाळलेले गंध, हळद-कुंकू आणि बोटांचा घाम. तो काढण्यास पाणी व धीर पुरेसा आहे. नाणे नेहमी कडेने धरावे. काचेच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात ते एक-दोन दिवस ठेवावे व पाणी अधूनमधून बदलावे. नळाच्या पाण्यात क्षार व क्लोरीन असते. म्हणून शेवटची धुणी तरी डिस्टिल्ड पाण्याचीच असावी. मऊ झालेले गंध बांबूच्या काडीने अलगद सोडवावे, खरवडू नये. तुपाचा चिकटपणा उरल्यास शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे काही मिनिटे बुडवावे. त्याने तेलकटपणा जातो, धातूला अपाय होत नाही. मात्र ॲसिटोन झटकन पेट घेते. समई, निरांजन किंवा शेगडी जवळ असताना ते उघडू नये. खिडकी उघडी ठेवावी व मुलांना दूर ठेवावे. शेवटी मऊ सुती कापडावर नाणे ठेवून ते टिपून घ्यावे, चोळू नये.

एक लक्षण मात्र ओळखून ठेवावे. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशी दिसली, तर तो क्लोराइडमुळे जडलेला रोग होय. ओलाव्यात तो नाणे आतून पोखरतो. असे नाणे वेगळे काढून कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकारास दाखवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह व कलावस्तू-संवर्धनाची शाखा आहे. नाशिकजवळ आंजनेरी येथे तर नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधनसंस्थाच आहे.

आता प्रश्न उरतो पूजेचा. पंचामृतातील दह्यात आम्ल असते, तूप व मध फटीत साचून राहतात. मग लक्ष्मीला अभिषेक करू नये काय? अवश्य करावा. देवाच्या तसबिरीवर आपण कलशभर पाणी ओतीत नाही. फुलाने जल शिंपडल्याचा भाव करतो आणि पूजा पूर्ण होते. तोच मार्ग येथेही योग्य ठरेल. अभिषेक सुपारीला किंवा नव्या नाण्याला करावा. जुने नाणे विड्याच्या पानावर ठेवून त्याला कोरड्या अक्षता व फूल वाहावे. हळद-कुंकू पानावर वाहिले तरी ते देवीलाच पोहोचते.

पूजा आटोपल्यावर नाणी मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात कोंबू नयेत. त्यातून सुटणारा चिकट द्रव त्यांना हिरवे करतो. रबरबँड व लोकरी कापडात गंधक असते, तेही टाळावे. प्रत्येक नाणे आम्लरहित कागदाच्या स्वतंत्र पाकिटात, कोरड्या डबीत ठेवावे.

वाडवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मागे ठेवलेले हे धन आहे. त्याची झळाळी मागील पिढीने पाहिली, आपणही पाहिली. पुढील पिढीला निदान त्यावरची अक्षरे वाचता यावीत. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला नाणे थोडे काळसर दिसले, तरी संकोच मानू नये. तो मळ नव्हे, घराण्याच्या वयाची खूण आहे.