नाव बदललं, पण कागद जुळतात का? सीमाभागातल्या कुटुंबांसाठी राजपत्र आणि विवाह नोंदणीची माहिती

मुलीचं माहेर खानापूर तालुक्यात, सासर चंदगडला. दहावीचं मार्क्स कार्ड कर्नाटकचं, आधारकार्डावर महाराष्ट्राचा पत्ता, वडिलांच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. तिन्हीकडे नाव थोडं थोडं वेगळं. सीमाभागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. रोजच्या व्यवहारात हे चालून जातं. अडतं ते वारसा लावताना, फॅमिली पेन्शन मागताना किंवा पासपोर्ट काढताना.

अशा वेळी एक जण सांगतो, ‘गॅझेट करून टाका’. दुसरा सांगतो, ‘मॅरेज सर्टिफिकेट असलं की झालं’. दोन्ही सल्ले अर्धेच बरोबर असतात. कुठला कागद नेमकं काय सिद्ध करतो हे समजलं, तर एजंटाला पैसे मोजण्याआधीच निम्मं काम होतं.

राजपत्राने काय होतं, काय होत नाही

दुकानाची किर्द लिहिणाऱ्याला एक नियम ठाऊक असतो. चुकीची नोंद खोडायची नसते, तिच्यापुढे दुरुस्तीची दुसरी नोंद टाकायची. नावबदलाचं राजपत्र अगदी तसंच आहे. ‘अमुक नावाची व्यक्ती यापुढे तमुक नावाने ओळखली जाईल’ एवढंच ते जाहीर करतं. त्याने जन्मदाखला, शाळेचा दाखला, सातबारा किंवा बँकेचं खातं आपोआप बदलत नाही. राजपत्राची प्रत घेऊन प्रत्येक ऑफिसात वेगळा अर्ज द्यावाच लागतो.

म्हणून राजपत्राकडे जुन्या आणि नव्या नावामधला पूल म्हणून बघावं. जुनं नाव पुसलं जात नाही, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध होतं. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये जिग्या यादव विरुद्ध सीबीएसई या खटल्यात नाव हा माणसाच्या ओळखीचा भाग असल्याचं मान्य केलं. पण पुढे घेतलेलं नवं नाव प्रमाणपत्रावर घालायचं असेल, तर राजपत्रातली प्रसिद्धी हवी आणि जुन्या नावाचा उल्लेखही राहावा, असाच मार्ग त्या निकालाने दाखवला. तो निकाल सीबीएसईपुरता होता, पण त्यामागचा विचार सगळ्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे.

आधी ठरवा, चूक आहे की बदल?

इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. कारकुनाने अक्षर चुकवलं असेल तर ती चूक, आणि ती मूळ कागदावर दुरुस्त व्हायला हवी. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १५ नुसार जन्मनोंदीतली चूक निबंधकाला दुरुस्त करता येते. तीसुद्धा मूळ नोंद न खोडता, समासात लिहून. त्यासाठी राजपत्राची गरज नाही. नाव बरोबरच होतं, पण आता दुसरं घ्यायचं आहे, तेव्हा तो बदल. राजपत्र लागतं ते त्यासाठी.

आपल्या भागात चुकीचा तिसरा प्रकारही आहे, तो म्हणजे भाषेचा. मराठीत आपण ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजीत ‘डी-एन’ने सुरू करतो. कन्नड शाळेत तेच नाव ‘जे-एन’ किंवा ‘जी-एन’ने लिहिलं जातं. ‘कृष्णा’ आपल्याकडे ‘आर’नंतर ‘यू’ घेतो, तिकडे ‘आय’. ‘गीता’, ‘ज्योती’, ‘स्वाती’ यांच्या ‘टी’पुढे दक्षिणेत ‘एच’ येतो. शिवाय महाराष्ट्राच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, तर कर्नाटकच्या मार्क्स कार्डवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. माणूस एकच, पण कॉम्प्युटरला चार माणसं दिसतात.

अशा किरकोळ फरकाला पुष्कळ ठिकाणी ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र चालून जातं. त्यामुळे समोरच्या ऑफिसला आधी विचारा, प्रतिज्ञापत्र पुरेल का? पुरत असेल तर राजपत्राच्या भानगडीत पडू नका.

राजपत्र कुठलं, राज्याचं की केंद्राचं?

महाराष्ट्रात नावबदलाच्या सूचना महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापतात. काम शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाचं आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. महाराष्ट्रात राहणाऱ्याला हाच मार्ग सोपा.

कर्नाटकातली रुळलेली पद्धत म्हणजे बाँड पेपरवर प्रतिज्ञापत्र, नोटरी आणि वर्तमानपत्रात जाहिरात, शक्यतो एक स्थानिक भाषेतलं आणि एक इंग्रजी. पण पासपोर्ट किंवा आधारसारख्या केंद्राच्या कागदाला, किंवा दुसऱ्या राज्यातल्या ऑफिसला राजपत्रच हवं असेल, तर भारताच्या राजपत्राचा भाग चार आहे. दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समधला प्रकाशन विभाग तो काढतो. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, ठरलेल्या नमुन्यातला मजकूर, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि फी असा क्रम असतो. ज्याचे कागद दोन राज्यांत विखुरलेत, त्याला केंद्राचं राजपत्र जास्त उपयोगी. ते बेळगावलाही दाखवता येतं आणि कोल्हापूरलाही, तसंच इंदूर, बडोदा किंवा हैदराबादलाही.

गोव्यात मात्र थांबून विचार करा. तिथे नाव आणि आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. ज्याचा जन्म गोव्यात नोंदला आहे, त्याने नुसत्या प्रतिज्ञापत्रावर किंवा दुसऱ्या राज्याच्या राजपत्रावर विसंबू नये.

केंद्र सरकारी नोकरांसाठी खात्यामार्फत वेगळी पद्धत आहे आणि त्यात नावबदलाचा विलेख करावा लागतो. अर्ज करण्याआधी आस्थापना शाखेत विचारलेलं बरं.

लग्न आणि लग्नाची नोंदणी

‘मॅरेज लायसन्स’ हा शब्द परदेशी गेलेल्या मुलांच्या फॉर्ममधून आपल्याकडे येतो. अमेरिकेत लग्नाआधी लायसन्स काढावं लागतं. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याखाली आधी लग्न लागतं आणि मग नोंदणी होते. १९५५ च्या त्या कायद्याचं कलम ८ सांगतं की नोंद केली नाही म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. उलट बाजूही तेवढीच खरी आहे. विधी न करता नुसतं सर्टिफिकेट काढलं, तर त्याने हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. सगळ्या लग्नांची नोंद सक्तीची करा, हे राज्यांना १४ फेब्रुवारी २००६ च्या निकालात सांगितलं गेलं होतं.

कर्नाटकात नोंदणी सब-रजिस्ट्रार ऑफिसात होते आणि १९७६ चा राज्याचा विवाह नोंदणी कायदाही आहे. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा लागू आहे. गावात ग्रामसेवक, शहरात नगरपालिका किंवा महापालिका हे काम बघते. मुदत लग्नापासून ९० दिवस, साक्षीदार तीन. मुदत गेली म्हणजे दार बंद झालं असं नाही, जादा शुल्क भरून नोंद होते. वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचीही नोंद करता येते. फक्त लग्नपत्रिका, फोटो आणि साक्षीदार जपलेले हवेत.

नोंद कुठल्या राज्यात करायची, हा सीमाभागातला नेहमीचा प्रश्न. लग्न जिथे लागलं तिथल्या निबंधकाकडे जाणं सगळ्यांत सरळ. वरात चंदगडहून आली आणि अक्षता बेळगावच्या कार्यालयात पडल्या, तर पत्रिकेवरचा पत्ता बेळगावचाच असतो. पुढे परदेशासाठी अपोस्टिल लागलं, तर सर्टिफिकेट ज्या राज्याने दिलं त्याच राज्याकडून आधी साक्षांकन घ्यावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

गोव्याचं गणित निराळं. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. नागरी निबंधकापुढे आधी इच्छा नोंदवायची, नोटिशीची मुदत जाऊ द्यायची आणि मग पक्की सही करायची. देवळात लग्न लागलं तरी ही नोंद चुकत नाही. आधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणून गोव्याच्या घरात मुलगी देताना किंवा तिथून सून आणताना पहिल्या सहीचं महत्त्व दोन्हीकडच्या मंडळींनी समजून घ्यावं.

नोटीस लागते ती कुठे?

वेगवेगळ्या धर्मांतल्या जोडप्यांसाठी, किंवा ज्यांना विधीशिवाय लग्न करायचं आहे त्यांच्यासाठी, विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. दोघांपैकी एक जण तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. नोटीस दिल्यावर ती ऑफिसात लावतात, आक्षेपासाठी ३० दिवस थांबतात, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न होतं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर नव्याने नोटीस द्यावी लागते.

दोन राज्यांतल्या जोडप्याने एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. मुलगा किंवा मुलगी कायमची दुसऱ्या जिल्ह्यातली असेल, तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. म्हणजे बेळगावची नोटीस कोल्हापूरलाही लागू शकते. ज्या जोडप्याला घरच्यांची धास्ती आहे, त्याने वकिलाचा सल्ला घेऊनच पाऊल टाकावं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं होतं, पण ते न्यायालय उत्तर प्रदेशचं. इथलं ऑफिस नोटीस लावणारच, असं धरून चालावं.

लग्नानंतर नाव बदलायलाच हवं का?

नाही. तसा कुठलाही कायदा नाही. माहेरचं नाव ठेवणाऱ्या मुलीला कुठलंही ऑफिस ‘बदलून या’ म्हणू शकत नाही. बदलायचं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी पुरतं. पॅनकार्डासाठी तर लग्नपत्रिकाही पुरावा म्हणून चालते. राजपत्राची वेळ येते ती पहिलं नावही बदललं असेल तेव्हा. लग्नात नव्याने नाव ठेवायची रीत आपल्याकडे अजून आहे. माहेरची सुनंदा सासरी वैष्णवी होते. नाव आणि आडनाव दोन्ही बदलल्यावर नुसतं मॅरेज सर्टिफिकेट दाखवून आधार बदलेलच असं नाही. आधारवर नाव बदलायची संधीही साधारण दोनदाच मिळते, ती स्पेलिंगमध्ये घालवू नका.

हे सगळं कशासाठी? हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मापासूनचा असल्याचं सांगितलं. पण तलाठ्यापुढे उभी राहते ती वैष्णवी, आणि रेशनकार्डावर वडिलांची मुलगी असते सुनंदा. दोघी एकच हे सांगणारा कागद नसेल, तर हक्क असूनही नाव लागायला वर्षं जातात. भाऊ चांगले असले तरी अडतं, वाद असला तर विचारायलाच नको. म्हणून विवाह नोंदणीच्या अर्जात मुलीचं लग्नाआधीचं नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे अक्षरन् अक्षर लिहा. आयुष्यभर पुरणारा पूल तोच आहे.

बाळाचं नाव लिहिताना

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि जन्माची नोंद जन्म होतो तिथे. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांत स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. बाळ बेळगावला जन्मलं, तर दाखला कर्नाटकच्या पद्धतीने येतो, आणि शाळा निघते महाराष्ट्रात. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट आणि पुढे विवाह नोंदणीलाही मुख्य पुरावा झाला आहे. त्यामुळे नोंद करताना आई-वडिलांची पूर्ण नावं आणि इंग्रजी स्पेलिंग स्वतः तपासा. कन्नड वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला सोबत न्या.

गावाच्या नावाची काळजी नको

१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांत बेळगावचं बेळगावी झालं, विजापूरचं विजयपुरा झालं. पुढे महाराष्ट्रात औरंगाबाद आणि उस्मानाबादचंही नाव बदललं. जुन्या दाखल्यावर जुनं नाव असेल, तर त्यासाठी तुम्ही काही जाहीर करायची गरज नाही. तो बदल सरकारने केलाय आणि त्याची अधिसूचनाही सरकारचीच आहे.

कामाचा क्रम

आधी सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव वहीत उतरवून काढा. कुठलं नाव कायम ठेवायचं ते ठरवा. शाळेचा दाखला बदलणं सगळ्यांत कठीण, म्हणून शक्यतो त्यावरचंच नाव धरा. चूक असेल तर मूळ कागदावर दुरुस्त करून घ्या, बदल असेल तरच राजपत्र. मग आधार, पॅन, बँक आणि शेवटी जमिनीचे कागद. राजपत्राचं पान, जाहिरातीचं कात्रण आणि मूळ प्रतिज्ञापत्र एकाच फाइलीत ठेवा. जुन्या नावाचा एकही कागद फाडू नका. उद्या वारसा लावताना तलाठी पहिल्यांदा तोच मागणार आहे.